लाजरीचे दगड

वाल्मीकदादांनी पहिल्याच भेटीत मला वेड्यात काढलं. "ताई, पाली बघायला नाशिकहून आलात? घरात कमी हायेत का?" मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, ही थट्टा रोजचीच. पण लगेच त्यांनी माळावरचा एक दगड अलगद तिरपा केला. खाली पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची, जाड शेपटीची पाल होती. उजेड लागताच तिनं डोळे मिटले. घरातल्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. दादा तिला लाजरी म्हणत.

लासलगावच्या पुढच्या त्या माळावर दादा वीस वर्षं रोजंदारीनं झाडं लावत होते. गावात लाजरीला विषारी समजून दिसेल तिथं ठेचतात. ती निरुपद्रवी आहे हे पटवायला दादा एकदा तिला तळहातावर घेऊन पारावर बसले, तर माणसंच उठून गेली.

यंदा मे महिन्यात रोपांसाठी मशीननं माळभर खड्डे घ्यायचं ठरलं. मी वनखात्याच्या साहेबांच्या हातापाया पडले. "पालींचे दगड खूण करून ठेवा, तेवढे सोडू," ते म्हणाले. दादांनी दोन दिवस उन्हात फिरून एकशे बारा दगड शोधले आणि प्रत्येकावर चुन्याची फक्की मारली. मी शेजारी उभी राहून कौतुकानं फोटो काढत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोचलो, तर मशीनवाल्यानं सगळ्यात आधी तेच दगड उखडले होते. साहेबांनी त्याला काही सांगितलंच नव्हतं. चुना दिसला की तिथं खड्डा घ्यायचा, हे त्याला ठाऊक होतं. वीस वर्षं त्या माळावर खड्ड्यांच्या जागा दादाच चुन्यानं आखत आले होते. त्यांचा हात सवयीनं फक्कीकडे गेला, आणि मला, एवढ्या शिकलेल्या बाईला, ते खटकलंही नाही. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

दादांनी मातीतून एक लाजरी उचलली आणि उजेडाकडे धरली. तिनं डोळे मिटले नाहीत.

"मीच दावल्या, ताई. चुना नसता तर चार-दोन तरी वाचल्या असत्या."

पावसाळ्यात त्यांनी त्याच खड्ड्यांत रोपं लावली. रोजंदारी सोडून जाणार कुठं? परवा मी माळाच्या कडेचा एक दगड दाखवला, म्हटलं, उचलून बघू या, एखादी असेल.

दादा मागं सरकले. "नको ताई. असली तर असू द्या. मला नका दाखवू."