जागच्या जागी

व्हिडिओ गेमची माझ्या घरमालकांइतकी कडक तपासणी केलेला माणूस बंगळूरात दुसरा झाला नसेल. माझं जग लहान आहे, पण मला वाटतं, देशातही झाला नसेल. काकांची साठी उलटली होती. सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांनी नोकरीभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंतल्या चुका काढल्या. निवृत्तीनंतर चुका काढायला बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या, सांबारापलीकडे काही उरलं नाही, तेव्हा त्यांची नजर मुलाच्या जुन्या गेमकडे वळली. सतीश शाळेत असताना कुणा नातेवाइकाने तो सिंगापूरहून आणला होता आणि काकांनीच तो कपाटात कुलूप लावून ठेवला होता, परीक्षा झाली की देईन म्हणून. सतीश एकामागून एक परीक्षा देत अमेरिकेला पोचला, गेम कपाटातच राहिला. अक्का मला म्हणाल्या होत्या, "पोराला हात लावू दिला नाही, आणि आता बघ, स्वतः कसे मांडी ठोकून बसतात."

मी त्यांच्या मल्लेश्वरमच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. माझे वडील इचलकरंजीत मागावर काम करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे घरमालकाशी कसं बोलतात, कुठवर आत जायचं, चहा दिला तर कप विसळून ठेवायचा की तसाच, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी मी भाड्याविषयी बोलायला पुढच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. काका वेताच्या खुर्चीत, उन्हाळ्यातही अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून, हातात बटणांचा ठोकळा धरून बसले होते. त्याला आम्ही सगळे रिमोटच म्हणायचो. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "खेळ हरल्यावर तुला राग कुणाचा येतो?" मी घाबरून म्हणालो की मी कधी खेळलोच नाही. "मग बस," ते म्हणाले, "कोरा माणूस तपासणीला चांगला."

त्यांची कसोटी साधी होती. हरल्यावर जो खेळ स्वतःचा राग आणतो तो पास, आणि जो मशीनचा राग आणतो तो नापास. ह्या कसोटीवर त्यांनी बाजारातले बहुतेक खेळ नापास केले होते. खेळांची इंग्रजी नावं त्यांना मान्य नव्हती, त्यांनी आपली नावं दिली होती. वरून ठोकळे पडतात तो 'विटा', पडद्यावर बंदूक रोखायची तो 'बदकं', विटांची भिंत फोडत फिरायचं तो 'रणगाडे', आणि सगळ्यांच्या वर, पहिल्या वर्गात पास झालेला, लाल टोपी घातलेला बुटका माणूस धावत खड्डे ओलांडतो तो 'टोपीवाला'. ह्या टोपीवाल्याच्या कॅसेटला जो मान होता तो घरात दुसऱ्या कशाला नव्हता. ती मऊ फडक्यात गुंडाळलेली असायची. खेळायच्या आधी काका तिच्यात फुंकर मारायचे, पण तीही अशीतशी नाही, शंख वाजवल्यासारखी. एकदा मी मदत म्हणून फुंकर मारली तर त्यांनी कॅसेट माझ्या हातून काढून घेतली आणि थुंकी उडते म्हणून पुन्हा पुसली. बासरीवाल्याची फुंकर आणि सूप पिणाऱ्याची फुंकर ह्यांतला फरक त्यांनी मला सांगितला तेव्हा अक्का आतून म्हणाल्या की कॉफीवर अशी फुंकर मारा, निदान ती थंड तरी होईल.

आमच्या कॉलेजात तेव्हा नवे संगणक आले होते आणि मुलं त्यांवर बोळाबोळांतून बंदूक घेऊन फिरायचे खेळ खेळायची. मी ते मोठ्या कौतुकाने काकांना सांगितलं. चित्र किती खरं दिसतं, शत्रू कसा दर वेळी वेगळ्या कोपऱ्यात उभा असतो. काकांनी कॅसेट फडक्यात गुंडाळली. मग म्हणाले, "शत्रू जागा बदलतो? मग माणसाने शिकायचं काय?" मला तेव्हा हे नुसतं हेकट बोलणं वाटलं. असं त्यांचं बरंच काही मला हेकट वाटायचं. घरातली वस्तू कुणी हलवलेली त्यांना चालायची नाही. दारामागचा स्टूल, न्हाणीघराबाहेरची बादली, चपलांची फळी, सगळ्यांच्या जागा सरकारी हुकमाने ठरवल्यासारख्या पक्क्या. कामाला येणाऱ्या बाईंनी एकदा बादली वाटेत ठेवली आणि काका तिला अडखळून भिंतीवर आपटले, तर त्यांनी त्या बाईंना, अक्कांना आणि मला एका रांगेत उभं करून बादलीच्या जागेवर भाषण दिलं. बाई कानडीत हळूच "सरी, सरी", बरं बरं, म्हणत राहिल्या. मला हसू येत होतं. अक्कांना येत नव्हतं.

त्या दिवशी अक्कांनी मला मागच्या अंगणात, कढीपत्त्याच्या झाडाखाली बोलावलं आणि सांगितलं. काकांना काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले होते की गेलेली नजर परत येत नाही. मी राहायला आलो तेव्हा त्यांना नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसायचं, आता दिवा लागला की विझला एवढंच कळत होतं. मग मला एकेक आठवायला लागलं. 'विटा' हा खेळ आधी पहिल्या वर्गात होता आणि मग एकाएकी नापास झाला होता, कारण विटा दर वेळी वेगळ्या पडतात. 'बदकं'वाली बंदूक त्यांनी शेजारच्या घरी देऊन टाकली होती. मला म्हणाले होते की हिंसा नको.

सतीशला हे कळवलेलं नव्हतं. त्याला मल्लेश्वरमचं घर विकून आईवडलांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीकडे, नव्या इमारतीत फ्लॅट घ्यायचा होता. लिफ्ट असेल, दारावर माणूस असेल. तो वाईट मुलगा नव्हता, त्याला काळजी होती. वडील आंधळे होताहेत हे कळलं असतं तर त्याने एक दिवसही थांबू दिलं नसतं. "हे घर ह्यांना पाठ आहे," अक्का म्हणाल्या. "आठव्या क्रॉसच्या गल्लीपर्यंतचा रस्तासुद्धा पाठ आहे. दुसरं घर आता पाठ व्हायचं नाही रे." आणि सतीश नाताळच्या सुट्टीत येणार होता.

काकांनी त्यावर जो उपाय काढला तो फक्त त्यांनाच सुचला असता. ते म्हणाले, ज्याला दिसत नाही तो व्हिडिओ गेम खेळू शकत नाही, हे कुणीही मान्य करील. तेव्हा आपण सतीशसमोर टोपीवाला खेळायचा. न मरता, शेवटच्या झेंड्यापर्यंत. मग कुणी डोळ्यांचा विषय काढणार नाही.

मी कॉलेजातून आलो की आमची तालीम सुरू व्हायची. काका गुरुवारच्या भजनाला तबला वाजवायचे, आणि टोपीवाल्याच्या धुनेतली सम त्यांनी कधीच पकडली होती. खेळ सुरू होतो तेव्हाच धून सुरू होते, आणि खड्डे कधी जागा बदलत नाहीत. म्हणजे धुनेच्या कुठल्या वळणावर कुठला खड्डा, हे ठरलेलं. माझं काम चुकलं की सांगायचं. मी "खड्ड्यात, काका" म्हणायचो आणि ते म्हणायचे, "गेलो ते माहीत आहे, उडी आधी मारली की नंतर ते सांग." कासवाच्या पाठीवर पाय पडला की एक आवाज, नाणं मिळालं की दुसरा, वरच्या विटेवर डोकं आपटलं की तिसरा. ते सगळे आवाज त्यांना माणसांच्या हाकांसारखे ओळखू यायचे. स्वयंपाकघरात अक्काही नकळत तीच धून गुणगुणत पोळ्या लाटायच्या, आणि त्यांचा ताल चुकला की काका बाहेरून ओरडायचे. मरताना टोपीवाल्याची जी केविलवाणी धून वाजते ती मी त्या दिवसांत इतक्या वेळा ऐकली की मला झोपेतही ऐकू यायची. काकांना मशीनचा राग एकदाही आला नाही. रिमोट मांडीवर ठेवून ते म्हणायचे, "माझी चूक," आणि पुन्हा पहिल्यापासून. मी ते बघायचो आणि मला वडील आठवायचे. घरी मागाचा तुटलेला धागा जोडताना तेही असेच शांत असतात.

सतीश आला. दारात पाया पडला तेव्हा काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने म्हटलं, "बारीक झालास रे." सतीश चांगला गुटगुटीत झाला होता, सदऱ्याची बटणं ताणली गेली होती. अक्का लगेच म्हणाल्या, "आईबापाला पोर बारीकच दिसतं, चल, हातपाय धू." सतीश हसला. बूट काढायला त्याने दारामागचा स्टूल ओढला आणि खिडकीशी नेला. बॅगा घरातल्या बोळात ठेवल्या. येताना त्याने गालिचा आणला होता, तो पुढच्या खोलीत अंथरला आणि त्यासाठी चपलांची फळी सरकवली. एका दिवसात घराचा नकाशा बदलला. काका कमी चालायला लागले. ते खुर्चीत बसून बोलत राहायचे, कारखान्यातल्या गोष्टी, भजनातल्या गोष्टी, आणि जेवायला उठायची वेळ आली की अक्का "चला" म्हणून सहज पुढे यायच्या आणि ते त्यांच्या बांगड्यांच्या आवाजामागून जायचे.

वडील गेम खेळतात हे पत्रांतून कळल्यामुळे सतीशने मोठ्या हौसेने नवा गेमही आणला होता. त्यातला माणूस सगळ्या बाजूंनी फिरायचा. सतीशने तो जोडला, रिमोट काकांच्या हातात दिला. काकांनी बटणांवरून अंगठा फिरवला, कान देऊन थोडं ऐकलं आणि रिमोट परत दिला. "नापास," ते म्हणाले. "चित्र दाखवतात, खेळ कुठे आहे? जुना लाव. तुला दाखवतो खेळ काय असतो तो."

मी टोपीवाला लावला. फुंकर त्यांनी स्वतः मारली. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन येत होतं. धून सुरू झाली आणि काका खुर्चीत ताठ बसले. पहिला खड्डा गेला. कासव गेलं. वाटेतले उभे नळ गेले. मी इतक्या दिवसांत त्यांना एवढं स्वच्छ खेळताना ऐकलं नव्हतं, प्रत्येक उडी समेवर. सतीश तोंडभरून हसत म्हणाला, "अप्पा, तुम्ही तर माझ्यापेक्षा भारी." त्याच्या आवाजात खराच आनंद होता. ऊन टीव्हीवर पडून चित्र फिकं दिसत होतं म्हणून तो उठला आणि टीव्हीशेजारच्या खिडकीचा पडदा ओढायला गेला. पडदा दांडीत अडकला. तो ओढत ओढत टीव्हीच्या पुढ्यात आला आणि तिथेच उभा राहिला, पाठ टीव्हीला टेकून, दोन्ही हात वर करून.

काका खेळत होते. एक खड्डा गेला. मग दुसरा. नाणी वाजली. त्यांचा चेहरा सरळ सतीशच्या पोटाकडे होता, प्रसन्न, किंचित वर उचललेला, आणि बाजूला हो असं ते म्हणाले नाहीत.

सतीशचे हात वरच राहिले. त्याने आधी वडलांकडे पाहिलं, मग खाली वळून टीव्हीकडे, मग पुन्हा वडलांकडे. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभ्या होत्या. झेंड्याची धून वाजली आणि काकांनी रिमोट मांडीवर ठेवला. "काय?" ते म्हणाले. "पास की नापास?"

सतीश अगदी हळू येऊन त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. "पास," तो म्हणाला. मग त्याने रिमोट उचलला. "आता मी खेळतो, अप्पा. मला कधी दिलाच नाहीत. कुठे उडी मारायची ते तुम्ही सांगा." काकांनी त्याला ती सगळी दुपार शिकवलं. तो कितीदा तरी खड्ड्यात पडला, आणि दर वेळी काका म्हणायचे की घाई करतोस, सम ऐक.

सुट्टी संपेपर्यंत फ्लॅटचा विषय निघाला नाही. सतीश पहाटे निघाला. टॅक्सी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आम्ही तिघं फाटकाशी उभे होतो, आणि काका टॅक्सी गेल्यावरही थोडा वेळ त्या दिशेला हात हलवत राहिले. मग ते एकटेच घरात शिरले. मला एकदम सरकवलेली फळी आणि स्टूल आठवला आणि मी धावत त्यांच्या मागे गेलो.

स्टूल दारामागे होता. चपलांची फळी भिंतीशी, बादली न्हाणीघराबाहेर, तिच्या जुन्या ओल्या गोल डागावर बरोबर बसवलेली. गालिचा गुंडाळून कपाटावर टाकला होता आणि नव्या गेमचं खोकं त्याच्या शेजारी. काका कशालाही न अडखळता बोळातून चालत गेले आणि खुर्चीत बसले.

"त्याला काही कळलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

मी अक्कांकडे पाहिलं. त्या स्टुलाकडे बघत होत्या.

"नाही, काका," मी म्हणालो.

"कळणार कसं," ते म्हणाले, आणि कॅसेटवरचं फडकं बोटांनी सोडवायला लागले. "जुना खेळ आहे तो. त्यातलं कुणी काही हलवत नाही."