बारीक टोक, वीतभर मूठ

श्री. यशवंत रिसबूड, म्हणजे त्यांच्याकडे लाकडाचे कातकाम शिकणाऱ्या आम्हा सगळ्यांचे रिसबूडकाका, यांची आणि माझी पहिली भेट एका हरवलेल्या प्याद्यामुळे झाली. वडिलांच्या जुन्या बुद्धिबळातले एक पांढरे प्यादे सापडत नव्हते आणि पटावर त्याच्या घरात आम्ही वर्षानुवर्षे शर्टाचे बटण ठेवत होतो. खडकीला एक गृहस्थ लाकडाच्या नखाएवढ्या वस्तू कातून करतात, असे हिंजवडीच्या ऑफिस बसमध्ये कुणीतरी सांगितले. शनिवारी मी गेले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये छोट्याशा लेथसमोर काका उभे होते. नमुन्याचे प्यादे उलटसुलट पाहून त्यांनी परत माझ्या हातावर ठेवले.

"हे दुकान नाही. शिकायचं असेल तर पुढच्या शनिवारी या."

त्यानंतर बरेच शनिवार मी गेले. आज काकांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होताना त्या शनिवारांविषयीच लिहावेसे वाटते.

काकांची नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली. संगणकावर चालणारी यंत्रे आली तेव्हा तीही ते शिकले. पण दिवसभर बटणे दाबून हात रिकामे राहतात, म्हणून त्यांनी घरी हा लेथ बसवला. त्यावरची हत्यारे त्यांनी स्वतः घडवली आहेत. काँक्रीटमध्ये ठोकायचे खिळे, मोडक्या कानशी, छत्रीच्या काड्या घासून त्यांनी काडेपेटीतल्या काडीइतकी बारीक टोके केली.

मला ती ओबडधोबड वाटली. कंपनीच्या कामासाठी परदेशी गेले, तेव्हा तिथून मी लहान कातकामाचा एक देखणा संच घेऊन आले. टोके इवलीशी आणि मुठीही पेन्सिलीएवढ्या. काकांनी तो पाहिला आणि लेथ मोकळा करून दिला. तासाभरात माझी बोटे आखडली, टोक लाकडात अडकले आणि प्यादे उडून थेट पत्र्यावर आपटले. काकांनी ते बाकाखालून शोधून आणले. मग आपले खिळ्याचे हत्यार माझ्यापुढे ठेवले. त्याची मूठ वीतभर होती.

"वस्तू लहान आहे, तुमचा हात नाही. टोक वस्तूच्या मापाचं घ्यावं आणि मूठ हाताच्या."

चूक होण्याआधी ते कधी सांगत नाहीत आणि शिकणाऱ्याच्या हातातले हत्यार कधी स्वतःकडे घेत नाहीत. माझी अकरा प्यादी मानेत मोडली. प्रत्येक वेळी काका हात पाठीमागे बांधून शेजारी उभे होते. बारावे त्यांनी बाकावर ठेवून पाहिले आणि म्हणाले, "उभं राहतंय." एवढे कौतुक त्यांनी माझे पुन्हा केल्याचे आठवत नाही.

मध्यंतरी माझी नोकरी गेली. घरी सांगायचा धीर होत नव्हता. मी मंगळवारीच शेडवर पोहोचले, तेव्हा काकांनी कारण विचारले नाही. शेडची एक किल्ली दिली आणि हळदूच्या लाकडाचे तुकडे कुठे ठेवले आहेत ते दाखवले. ती किल्ली अजून माझ्याकडे आहे.

मागच्या वर्षी काकांचा उजवा हात थरथरू लागला. एका शनिवारी त्यांच्या हातून एकामागून एक तीन प्यादी मोडली. त्यांनी लेथ बंद केला, सगळी हत्यारे पुसून कापडात गुंडाळली आणि ती गुंडाळी मला दिली.

"घेऊन जा. तुमच्याकडे वापरात तरी राहतील."

नाही म्हणणे मला जमले नाही. गुंडाळी घरी नेली, पण तिच्यातले एकही हत्यार मला लाकडाला लावता येईना. काकांचे शनिवार माझ्या कपाटात बंद होऊन पडले आहेत, असे वाटत राही. मग एकदा त्यांचेच मुठीबद्दलचे वाक्य आठवले. काकांचा हात बदलला होता. मुठी मात्र जुन्याच हाताच्या मापाच्या होत्या.

न विचारता मी त्या सगळ्या मुठी काढल्या आणि टोकांना माझ्या परीने धार लावली. मुठी हळदूच्या नव्या कातल्या. दुप्पट जाड, आणि कोपरापर्यंत पोहोचतील इतक्या लांब, म्हणजे संपूर्ण हात मुठीवर टेकवता येईल. शनिवारी त्या बाकावर मांडल्या. दुसऱ्याच्या हत्याराला हात लावल्याबद्दल बोलणी खाण्याची माझी तयारी होती.

काका बराच वेळ मुठींवरून अंगठा फिरवत राहिले. एक उचलून त्यांनी हाताखाली दाबून धरली. कापरे थांबले नाही, पण टोकापर्यंत पोहोचेपर्यंत ते पुष्कळ कमी झाले. या खेपेस मी हात पाठीमागे बांधून शेजारी उभी होते. प्यादे लेथवरून उतरले. मान जराशी जाड होती. त्यांनी ते बाकावर ठेवून पाहिले.

"उभं राहतंय," मी म्हटले.

"मुठी बऱ्या आहेत," काका म्हणाले. "धार मात्र एकालाही नीट लावलेली नाही. पुढच्या शनिवारी लवकर या."

तेव्हापासून मी लवकर जाते. काकांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि आमच्या हत्यारांची धार अंगठ्याने तपासून नापसंतीने मान हलवणारे काका आम्हाला पुढचे कितीतरी शनिवार मिळोत.