ताईच्या उतारावरचा तांबडा रंग

मृदा सर्वेक्षण कार्यालयात त्यांना सगळे नकाशेबाई म्हणत. अठरा वर्षं त्या एकच काम करत होत्या. उपग्रहाच्या चित्रातला एकेक चौकोन घ्यायचा, उतार किती, पाऊस किती, झाडोरा किती याचे गुण द्यायचे, की संगणक रंग भरायचा. हिरवा म्हणजे माती धरून आहे, तांबडा म्हणजे वाहून जाणार. तांबड्या जमिनीत पुढच्या हंगामापासून नांगर बंद, फक्त गवत.

त्या वर्षी थोरल्या बहिणीचं अख्खं शेत तांबडं निघालं.

कच्चा नकाशा गावात लागला त्याच दिवशी ताईचा फोन आला. "अगं, तुझ्याच हातात आहे ना सगळं? एक रंग बदलायला असा कितीसा वेळ लागतो?"

"ताई, असं नाही करता येत गं."

"मग तुझा उपयोग काय?" ताईने फोन ठेवून दिला.

नकाशेबाईंनी मूळ चित्र उघडून त्याची तारीख पाहिली. पावसाळ्यातल्या चित्रांवर ढग होते, म्हणून त्यांनी कापणीनंतरचं स्वच्छ चित्र घेतलं होतं. तेव्हा रानं उघडीबोडकीच असणार, झाडोऱ्याला गुण कुठून मिळणार! पण ही खरंच चूक, की बहिणीसाठी आपण चूक शोधतोय? त्यांचं त्यांनाच कळेना.

त्या सरळ साहेबांकडे गेल्या. "ही जमीन माझ्या बहिणीची आहे. मी हात लावणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

साहेबांनी भूमापकाला पाठवलं. ऑफिसात त्याला फूटपट्टी म्हणत. अंगाने तसाच आणि स्वभावानेही. चार दिवस नकाशेबाईंचा डबा जवळजवळ भरलेलाच घरी गेला.

पाचव्या दिवशी तो आला, बुटांना चिखल तसाच. "बाई, तिथं दगडी बांध आहेत. हातभर रुंद, तुमच्या उपग्रहाला दिसतायत कुठले! मागे वीतभर माती साठलीय. मात्र वरची पट्टी तांबडीच. तिथल्या घळीत मी गुडघ्यापर्यंत गेलो."

नकाशेबाईंनी त्याच्या नोंदी आणि चित्राची तारीख साहेबांपुढे ठेवली. त्या चित्रावरून रंगवलेली त्या डोंगरावरची बेचाळीस शेतं आता तीन हंगामांची चित्रं घेऊन आणि बांध जागेवर पाहून पुन्हा तपासायची ठरली. काम तिपटीने वाढलं, तरी त्यांना एकदम हलकं वाटलं. चूक सापडली होती, आणि ती एकट्या ताईपुरती नव्हती.

त्यांनी भीतभीत फोन लावला. "ताई, खालचं शेत सुटलं. वरची पट्टी मात्र गेली."

ताई हसायलाच लागली. "ती होय? नांगर धरून हे दोनदा तिथं घसरलेत! गेली ते बरंच झालं."

तेवढ्यात भावोजींनी फोन घेतला. "मग आता गवत कुठलं लावू तिथं? तू तर यातली तज्ज्ञ."

"भावोजी, मी ते वरूनच बघत आलेय हो! थांबा, फूटपट्टीला विचारते," म्हणत त्या खुर्चीतून उठल्या.