बाबांचा ब्राउन ब्रेड

रविवारी सकाळी मी आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यात चक्क बाबांवर हेरगिरी केली. चौकातल्या पोहेवाल्याला गाठलं आणि सरळ विचारलं, "भिया, सच बताओ, बाबा रोज जिलेबी खातात ना?"

त्याला कारण होतं. शनिवारी शुगरचा रिपोर्ट आला, आकडा पुन्हा वर. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पुढच्या महिन्यात इन्सुलिन सुरू करावं लागेल. बाबा रक्त काढतानासुद्धा तोंड भिंतीकडे करतात... त्या दिवशी ते धड जेवलेच नाहीत.

आणि मी धीर द्यायचा सोडून त्यांनाच फैलावर घेतलं. पोळ्या बंद केल्या, विजय नगरहून दर आठवड्याला खास ब्राउन ब्रेड आणते, तरी शुगर वाढते कशी? चोरून खात असणार. बाबा "नाही गं" म्हणाले, पण माझा विश्वास कशाला बसतोय.

पोहेवाला म्हणाला, "दीदी, अंकलजी तो चार महीने से सिर्फ पेपर पढ़ने आते हैं." जिलेबी नाही, शेव नाही... पोहेसुद्धा नाहीत.

घरी आले आणि ब्रेडचं पाकीट उलटं केलं. पुढे गव्हाची मोठी लोंबी, मागे मुंगीएवढी अक्षरं. मोबाइलवर फोटो काढून मोठा केला तर पहिलंच नाव मैदा. रंग यायला कॅरॅमल आणि गव्हाचं पीठ पार शेपटाला.

डॉक्टर बिचारे होल ग्रेन म्हणाले होते. त्याचा ब्राउन ब्रेड मी केला, माझ्या अकलेने... आणि बाबा सकाळ-संध्याकाळ चार-चार स्लाइस औषधासारखे गिळत राहिले.

कंपनीवर चिडले, दुकानदारावर चिडले. पण छापलेलं तर होतंच की, मीच वाचलं नव्हतं. शेवटी बाबांवरच वैतागले, तुम्ही तरी एकदा मागचं वाचायचं ना.

"मला कुठे दिसतंय ते," बाबा म्हणाले. "तू आणतेस म्हणजे वाचूनच आणत असशील."



काल ज्वारी दळून आणली, भाकऱ्या केल्या. पहिलीच जाड झाली, कडेला करपली. बाबांनी ती चवीने खाल्ली. मी दुसरी वाढायला गेले तर ताटावर हात आडवा धरला, "नको, शुगर वाढेल."

या माणसाला मी चोर म्हटलं होतं.