पाळी, जबडा आणि जावेने घेतलेला माईक

जुन्नर-आंबेगावच्या बायांनो, जबडा दुखतो म्हटलं की आपल्याला औषधाआधी टोमणा मिळतो, "कमी बोलत जा!"

आज आळे गावात हळदीकुंकवाला माझं भाषण होतं. पाळी जवळ आली की माझा कानापुढचा जबड्याचा सांधा धरतो. आज तर माईकसमोर तोंडच उघडेना. धाकटी जाऊ शोभा उठली, माईक घेतला आणि भरल्या मांडवात म्हणाली, "आमच्या जाऊबाईंचा जबडा धरलाय. पाळी आली की दर महिन्याला धरतो."

हळदीकुंकवात पाळीचं नाव! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मागून एकजण ओरडली, "अगं बया, माझंबी तसंच व्हतं! डॉक्टरनं अक्कलदाढ काढली, तरी दुखतंयच."

"त्याला पाळीचं सांगितलंस का?" शोभाने विचारलं.

"दाताच्या डॉक्टरला कुणी पाळी सांगतं व्हय?"

मांडव हसला आणि मग बायका एकेक करून बोलायला लागल्या.

मी जळले. इतकी वर्षं घसा फोडतेय, मला टाळ्या मिळतात. पण माझ्यासमोर बायका अशा कधी बोलल्या नाहीत. शोभाने ते दोन वाक्यांत केलं. अजून जळतेय.

पण तिचं खरं आहे. पाळीच्या आसपास संप्रेरकं वरखाली होतात, त्याने काहींचं हे दुखणं वाढू शकतं. तुमचं कारण वेगळंही असेल. पण सांगितल्याशिवाय डॉक्टर ओळखणार कसं?

तेव्हा जबडा दाखवायला जाल, तेव्हा नवरा शेजारी बसलेला असला तरी डॉक्टरांना पाळीचं सांगा.