नर्सबाईंचा थर्मामीटर

आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई कुठल्याही घरात शिरल्या की आधी सासूचा ताप बघायच्या. आजारी सून असली तरी. पाऱ्याचा जुना थर्मामीटर जिभेखाली ठेवून बजावायच्या, "मावशी, पाच मिनटं तोंड उघडू नका. काच फुटली तर पारा पोटात जाईल." सगळ्या लोहा तालुक्यात सासवा एवढा वेळ गप्प बसल्याचं दुसरं उदाहरण नसावं. तेवढ्यात बाई सुनेला तपासायला आत न्यायच्या.

आत काय चालायचं ते मला आमच्याच घरी कळलं. आई ओसरीवर थर्मामीटर धरून बसली होती. वहिनींचा हात सुजला होता. "न्हाणीत घसरले," त्या म्हणाल्या. आमच्या न्हाणीत फक्त वहिनीच घसरायच्या. बाकी आम्ही तिघं धडधाकट बाहेर यायचो.

"न्हाणीत पडल्यावर बोटांचे वळ उठत न्हाईत, माय," बाई म्हणाल्या. "कोन मारून राहिलं? भिऊ नको. तुज्या मनाबिगर मी कायबी करनार न्हाई. पर जखम लिवून ठेवते. कवातरी लागंल."

वहिनी रडायला लागल्या. दादाचा हात चालतो हे मला ठाऊक होतं. शाळेत महिला दिनाचं भाषण दर वर्षी मीच करायचो. मी शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होतो, पुढची घेतली.

तीन महिन्यांनी वहिनी मुलीला लस द्यायला म्हणून उपकेंद्रात गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. बाईंनी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटवलं आणि अहमदपूरला माहेरी पोचवलं. गावात बोभाटा झाला, नर्सबाई घरं फोडतात. दादाने तक्रार करायचं ठरवलं. अर्ज लिहिला मी, कारण घरात शुद्धलेखन माझंच बरं. बाईंची बदली देगलूरला झाली.

जाण्याच्या दिवशी स्टँडवर त्यांनीच मला हाक मारली. मी शिव्यांची तयारी ठेवली होती.

"सर, अर्ज वाचला. अक्षर लई देखणं हाय तुमचं. वहिनीची केस उभी हाय, पर घरातला एकबी साक्षीदार न्हाई. तुमी तर घरातच होता न्हवं?"

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. बस सुटली.

पुढच्या तारखेला मी अहमदपूरच्या कोर्टात उभा राहिलो. दादा समोरच होता. वकिलाने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "हो. मी घरातच होतो. दर वेळी."