छतावरचा डाग आणि आखाजीचा झोका

"मॅडम, भिंत फोडावीच लागेल," प्लंबर मला म्हणाला आणि अक्का मटकन खुर्चीत बसल्या.

देवपूरला नाना-अक्कांचं स्लॅबचं बैठं घर. दोघं मूळचे साक्रीकडचे. लग्नानंतर लेकीची पहिलीच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके खेळतात. या वेळी जावई आणि विहीणबाईही येणार होत्या. आणि हॉलच्या छताला, नेमका झोक्याच्या हुकाजवळ, ओला डाग पडला होता. लहानपणापासून लेक त्याच हुकावर झोके घेत आलेली.

मी सिव्हिल डिप्लोमा केलाय, घरदुरुस्तीची कामं घेते. वर्षभर गळणारा नळ लोकांना पाहुणे यायच्या तोंडावरच खुपायला लागतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

प्लंबरचा संशय कन्सील्ड पाइपवर होता. म्हणजे भिंतीच्या आत गाडलेला, टाकीतून बाथरूमकडे उतरणारा पाइप. भिंत फोडली की टाइल्स गेल्या, आणि सण होईपर्यंत बाथरूम बंद.

"घरमा इहीन येई ऱ्हायनी आनि न्हानीच नही!" अक्कांचा आवाज भरून आला. "लोके काय म्हनतीन?"

"वरतून पेंट मारी दे ना," नानांनी तोडगा काढला.

"नाना, पाहुण्यांच्या आधी डाग परत हजर होईल," मी म्हटलं.

फोडायला काय, हातोडा पुरतो. मी बाथरूमकडे जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला आणि डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढली. दोष पाइपचा असेल तर डाग आता वाढायला नको. सकाळी पाहिलं, तर डाग रेघ ओलांडून पुढे गेलेला. पाइप निर्दोष सुटला.

मग पाणी येतं कुठून? बाहेर तर चैत्राचं रणरणतं ऊन. संध्याकाळी मी गच्चीवर गेले. नाना लुंगी खोचून टाकीच्या नळाला रबरी पाइप लावून पाणी मारत होते. हे आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी चालतं. पण नाना चार पावलं पुढे होते. त्यांनी पन्हाळीत चिंध्यांचा बोळा कोंबला होता. गच्चीचं तळं झालेलं.

"नाना, हे काय?"

"पानी उभं ऱ्हायनं का खाले घर थंडं ऱ्हास," ते अभिमानाने म्हणाले. "जवाईले गरम व्हवाले नको."

मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. कठड्याच्या बुडाशी भेग होती. जावयासाठी साठवलेलं पाणी तिथून झिरपत जावयाच्याच डोक्यावर यायच्या बेतात होतं. मी बोळा उपसला. गच्ची सुकली, भेग भरली, वरून वॉटरप्रूफिंगचं कोटिंग दिलं. बाथरूमची एक टाइलही हलली नाही. अक्कांनी लगेच प्लंबरला चहा दिला.

मग छताचं सुटलेलं प्लास्टर खरवडताना मी सहज हुक ओढला. तो गंजासकट माझ्या हातात आला.

नानांचा चेहरा पांढराफटक पडला. नुसता पेंट मारला असता, तर लेक आखाजीला याच हुकावर बसली असती.

नवा हुक पलीकडच्या कोरड्या बीममध्ये बसवला. भोक पाडून त्यात केमिकल भरायचं, ते वाळलं की लोखंड हलत नाही. प्लंबरने आणि मी, दोघांनी लटकून पाहिलं.

आखाजीला सकाळी मी स्वतः फैजपूरला माहेरी निघाले होते. वाटेत डोकावले. लेक झोक्यावर बसणार, तेवढ्यात अक्कांनी तिचा हात धरला.

"थांब व माय. पहिले मॅडमले बसू दे. हुक त्यासनीच बसाडेल शे."

विहीणबाईंसमोर मी निमूट बसले. नानांनी चांगला जोरात झोका दिला. हुक हूं की चूं करेना. मग लेक बसली, आणि अक्का कितीतरी दिवसांनी मोकळं हसल्या. मलाही फार हायसं वाटलं.

तेव्हापासून सणाआधी कुणाचं घर बघायला गेले, की मी आधी भिंत ठोकत नाही. पाहुण्यांसाठी प्रेमाने काय काय करून ठेवलंय, ते आधी विचारते.